स्थिर आकार (वीजबिल)
वीज वापरली नाही तरी जोडणीपोटी दरमहा द्यावी लागणारी ठरावीक रक्कम. तारा, रोहित्रे, उपकेंद्रे आणि कर्मचारी यांचा खर्च ग्राहकाच्या वापरानुसार कमी-जास्त होत नाही. तो या आकारातून वसूल केला जातो. वीजखर्चाचे स्थिर आणि वापरानुसार बदलणारा असे दोन भाग करण्याची कल्पना इंग्लंडमधील अभियंता जॉन हॉपकिन्सन याने 1892 मध्ये मांडली. भारतात वीज अधिनियम, 2003 च्या कलम 45 नुसार असा आकार घेता येतो. महाराष्ट्रात त्याचा दर वीज नियामक आयोग ठरवतो.

किमान आकार याहून वेगळा. त्यात वापराचे बिल ठरलेल्या रकमेपेक्षा कमी आले, तरच ती रक्कम भरावी लागते. स्थिर आकार मात्र वापराच्या बिलात मिळवला जातो. मोठ्या उद्योगांना त्याऐवजी केव्हीएवर आधारित मागणी आकार लागतो. घरगुती ग्राहकांत सिंगल फेजपेक्षा थ्री फेज जोडणीला स्थिर आकार जास्त असतो. कमी वापर करणाऱ्या गरीब घराच्या बिलात त्याचा वाटा मोठा दिसतो. गणपती-शिमग्यापुरतेच उघडणाऱ्या कोकणातल्या घरालाही तो बारा महिने लागतो. बंद घराचा स्थिर आकार थांबवायचा, तर कायमस्वरूपी वीजपुरवठा खंडित करण्यासाठी अर्ज करावा लागतो.