गोपाळबाबा वलंगकर : पेन्शनर पिढीचा संघटक

दलित चळवळीचा इतिहास सांगताना आपल्याकडे गोपाळबाबा वलंगकरांना साधारणपणे एक वाक्य मिळते. ते महात्मा फुल्यांचे अनुयायी होते आणि बाबासाहेबांच्या आधीचे होते, एवढेच ते वाक्य. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एका थोर माणसाच्या नंतर आणि दुसऱ्या थोर माणसाच्या अगोदर असणे, ही काही कोणाच्या आयुष्याची ओळख होऊ शकत नाही. या माणसाने स्वतः काय उभे केले, कशाच्या आधारावर केले आणि त्यातले काय टिकले, हे विचारायला हवे. विशेषतः आज हातात झेंडा घेऊन गावोगाव संघटना बांधू पाहणाऱ्या कार्यकर्त्याने तर विचारायलाच हवे. कारण गोपाळबाबांनी हे काम सुरू केले तेव्हा त्यांच्यापुढे गिरवायला कित्ता नव्हता.

गोपाळबाबा मूळचे महाडजवळच्या रावढळचे, जातीने महार. तरुणपणी ते पलटणीत गेले आणि १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीत राहिले. दापोली ही एके काळची लष्करी छावणी. आजही तिथले जुने लोक ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. कोकणातले अनेक अस्पृश्य शिपाई पेन्शन घेऊन या भागात स्थायिक झाले होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ इथेच होते. तेव्हा गोपाळबाबांकडे पाहायचे तर आधी या पेन्शनर वस्तीकडे पाहिले पाहिजे.

पलटणीने अस्पृश्य माणसाला काय दिले? देशभक्तीच्या नजरेने पाहणाऱ्याला ब्रिटिशांची चाकरी खटकते, आणि आपल्यातल्याही काहींना ती अवघड वाटते. पण गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हिशेबाने पाहिले की चित्र पालटते. गावात त्याला बलुत्यातले, वतनातले, कोणीतरी हातावर टेकवलेले धान्य मिळत होते. पलटणीत महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळत होता, आणि पगाराला विटाळ नसतो. मुंबई लष्करात निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच रांगेत उभे राहत. हुद्दा जातीपेक्षा वरचा मानला जाई. सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे लष्करी शाळा. ज्या काळात गावच्या शाळेच्या ओसरीवरही महाराच्या मुलाला जागा नव्हती, त्या काळात पलटणीत शिपाई आणि त्यांची मुले अक्षरे गिरवीत होती. रामजी सुभेदार स्वतः अशा लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिता-वाचता येणारे, कायदेकानूंची भाषा थोडीफार समजणारे आणि पोटासाठी गावावर अवलंबून नसणारे अस्पृश्य जर कुठे होते, तर ते या पेन्शनरांच्या घरांत होते.

आणि हाच माणूस गावी परतला की पुन्हा ‘लांब हो’. ज्याने परमुलखात बंदूक खांद्यावर वाहिली, ज्याच्या शेजारी उभे राहून सवर्ण शिपायाने कवायत केली, त्याने आपल्याच गावच्या पाणवठ्यापासून हात राखून उभे राहायचे! ज्याने दुसरे काही पाहिलेलेच नाही, त्याला अपमान ही जगाची रीत वाटू शकते. पेन्शनराने दुसरे पाहिले होते. गोपाळबाबांच्या लेखनातली धार या तुलनेतून आलेली आहे, असे मला वाटते.

या अनुभवाला विचाराची चौकट दिली ती जोतीरावांनी. ‘गुलामगिरी’ १८७३ सालची, सत्यशोधक समाजही त्याच वर्षीचा. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी इथल्या मूळ रहिवाशांना दास केले, ही मांडणी गोपाळबाबांनी उचलली आणि अस्पृश्यांच्या प्रश्नाला लावली. ‘दीनबंधु’त आणि ‘सुधारका’त ते लिहीत राहिले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका सिद्ध केली. तिचे रूप ध्यानात घेण्यासारखे आहे. ती प्रश्नावली आहे. सव्वीस प्रश्न, आणि ते सवर्ण समाजाच्या धुरिणांना विचारलेले. विटाळ नेमका कशाचा, तो कोणी ठरवला, कोणत्या आधारावर ठरवला, हा त्या प्रश्नांचा गाभा. अस्पृश्याने आजवर हात जोडले होते, जोहार घातला होता. आता तो जाब विचारीत होता, तोही छापून आणि स्वतःच्या नावानिशी. उत्तर देण्याची जबाबदारी त्याने समोरच्यावर टाकली. मराठी दलित लेखनाची सुरुवात शोधणाऱ्यांनी कवितेकडे जाण्याअगोदर या प्रश्नांपाशी थोडे थांबायला हरकत नाही.

लेखणीइतकेच महत्त्वाचे काम संघटनेचे. गोपाळबाबांनी दापोलीत ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन केली. अस्पृश्यांनी स्वतः चालवलेल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ही एक. नाव लांबलचक आहे आणि आजच्या कानांना चमत्कारिक वाटते. अनार्यांच्या अंगी असलेला दोष घालवायचा, की अनार्यांवर लादलेला दोष घालवायचा? शब्द दोन्हीकडे वळतो, आणि मंडळीच्या कामालाही या दोन्ही बाजू होत्या. आपल्या माणसांनी आपले राहणे-वागणे सुधारावे, आणि त्याच वेळी सरकारदरबारी हक्क मागावा. पुढे कित्येक वर्षे आपल्या सर्व संस्था याच दोन पायांवर चालल्या. मंडळी उभी राहिली ती पेन्शनरांच्या बळावर. गावाने बहिष्कार घातला तरी ज्याची चूल पेटते, असा माणूस त्या काळात तोच होता.

ही चूलच विझवण्याची वेळ आली. १८५७ नंतर लष्कराची फेररचना होत गेली आणि ‘लढाऊ जाती’ व ‘बिनलढाऊ जाती’ अशी विभागणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्की बसली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स हा या मताचा मोठा पुरस्कर्ता. १८९२-९३च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ज्यांची ‘नाक’ प्रत्ययाची नावे ब्रिटिशांनी स्वतः कोरली, त्यांचेच वंशज आता लढाऊ नाहीत असे ठरले. हा केवळ मानाचा प्रश्न नव्हता. भरती थांबली म्हणजे रोख पगार थांबला, लष्करी शाळा थांबली, पुढच्या पिढीची पेन्शन थांबली. एक अख्खी शिडी काढून घेतली गेली.

गोपाळबाबांनी १८९४ साली लष्कराच्या सरसेनापतीला उद्देशून विनंतीपत्र तयार केले. त्यातला युक्तिवाद आजच्या वाचकाला अडखळवतो. आम्ही मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खावे लागले म्हणून आम्हाला खाली ढकलले गेले, असे ते सांगतात. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासूनचा. एकीकडे ‘अनार्य’ हे नाव अभिमानाने लावायचे आणि दुसरीकडे क्षत्रियत्वाचा दाखला द्यायचा, ही विसंगती नव्हे काय? आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. वर्णाच्या उतरंडीत वरची पायरी मागणे म्हणजे उतरंड मान्य करणे. बाबासाहेबांनी पुढे तो रस्ता सोडला. पण अर्ज कोणापुढे होता हेही पाहायला हवे. ज्या सरकारने रक्तावरून शौर्य ठरवले, त्याच्यापुढे रक्ताचीच भाषा चालणार होती. गोपाळबाबा मानवी समतेवर निबंध लिहीत नव्हते, भरती पुन्हा उघडण्यासाठी अर्ज लिहीत होते. १९५६च्या धम्मदीक्षेच्या उंचीवरून १८९४च्या अर्जाला गुण देणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांनी स्वतः कधी कचेरीत अर्ज देऊन पाहावा.

भरती उघडली नाही. पण मागणी मेली नाही. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०३ साली सासवडला एकावन्न गावांच्या महारांची सभा भरवली आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला हे ‘बिनलढाऊ’ आठवले. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. गोपाळबाबांच्या विनंतीपत्रापासून सत्तेचाळीस वर्षे!

त्यांच्या शेवटच्या वर्षांतली एक घटना मला अर्जापेक्षाही बोलकी वाटते. १८९५ साली सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर सभासद नेमले. महार माणूस बोर्डात, इतरांच्या बरोबरीने बसणार, म्हणून सवर्ण सभासद बिथरले. रस्ते आणि विहिरी यांवर विचार करायला बसलेल्या मंडळींना आधी प्रश्न पडला तो बैठकीचा. ‘विटाळ विध्वंसना’तले प्रश्न सात वर्षांनी असे टेबलाभोवती येऊन बसले. त्यांची उत्तरे मात्र अजून कोणी दिलेली नव्हती. १९०० साली गोपाळबाबा वारले.

त्याच महाडात १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी पुढच्या लढ्याआधी मागची गोष्ट काढली. या भागातल्या लष्करी पेन्शनरांमुळे अस्पृश्य समाज एके काळी किती पुढे गेला होता आणि भरती बंद झाल्याने तो कसा मागे पडला, हे त्यांनी लोकांना सांगितले. समोर बसलेल्यांत जुने निवृत्त सैनिकही होते. दुसऱ्या दिवशी ते सगळे चवदार तळ्याकडे निघाले.