कै. शंकर आबाजी भिसे यांचें खरें स्मारक

जुन्या सनदा, वंशावळी व बखरी यांविषयीं आपल्या संग्राहकमंडळींची आस्था जागती आहे. परंतु यंत्रें निर्माण करणाऱ्या पुरुषांचे कागद हेंहि इतिहासाचें साधन होय, ही जाणीव अजून तितकीशी दृढ झालेली नाहीं. कै. शंकर आबाजी भिसे यांचें उदाहरण या दृष्टीनें विचारार्ह वाटतें.

भिसे यांचा जन्म मुंबईस ता. २९ एप्रिल १८६७ रोजीं झाला व मृत्यु न्यूयॉर्क येथें ता. ७ एप्रिल १९३५ रोजीं. यंत्रविद्येंत त्यांस कोणी गुरु नव्हता. 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकाचे अंक हीच त्यांची पाठशाळा. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राबद्दल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेंत ते यशस्वी झाले आणि पुढें विलायतेस गेले. तेथें दादाभाई नौरोजी त्यांचे पाठीराखे झाले. 'व्हर्टोस्कोप' हें विजेवर चालणारें जाहिरातीचें यंत्र त्यांच्या विद्युद्विषयक कल्पकतेचा नमुना होय. तथापि छापखान्याचे खिळे झपाट्यानें ओतणारें 'भिसोटाइप' हें त्यांचें मुख्य कार्य. त्याच्या भांडवलासाठीं दादाभाईंनीं हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याशीं त्यांची गांठ घालून दिली. परंतु पैसा उभा राहिला नाहीं, व १९०८ सालीं भिसे यांस स्वदेशाची वाट धरावी लागली. पुढें नामदार गोखले यांच्या मध्यस्थीनें रतनजी टाटा यांचें द्रव्यसाहाय्य लाभलें. अखेरचीं वर्षें त्यांनीं अमेरिकेंत काढलीं व तेथें 'आटोमिडीन' हें आयोडीनयुक्त औषध काढिलें.

एवढ्या उद्योगांतून लोकांच्या स्मरणांत काय उरलें? 'हिंदी एडिसन' ही एक पदवी! आमच्या मतें अशी पदवी म्हणजे अर्धें विस्मरणच होय. तिनें दुसऱ्याचें नांव ध्यानांत राहतें. भिसे यांनीं नेमकें काय केलें तें राहत नाहीं. त्यांचे शोध सुमारें दोनशें व पेटंटें चाळीस, असा आंकडा सर्वत्र दिला जातो. पण प्रत्येकाची तिथि व विषय यांसह कोष्टक मांडून तो ताडल्यावांचून इतिहास म्हणून स्वीकारतां येत नाहीं.

ताडण्याचें साधन उपलब्ध आहे. ज्यांनीं ताम्रपट वाचले आहेत त्यांस पेटंट वाचणें अवघड जाऊं नये. ताम्रपटांत दाता, प्रतिग्रहीता, तिथि आणि दिलेल्या भूमीची चतुःसीमा असते; पेटंटांतहि सरकार, कल्पक, दिनांक आणि हक्काच्या मर्यादा असतात. आपली कल्पना कोठें सुरू होते व कोठें संपते हें कल्पकानें तेथें स्वतःच आंखून दिलेलें असतें. सीमा न वाचतां दानाची थोरवी गाणें जसें व्यर्थ, तसेंच हें.

अशा कागदांचें बळ किती असतें हें निकोला टेस्ला यांच्या उदाहरणावरून दिसतें. उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहावर चालणाऱ्या यंत्राचीं त्यांचीं पेटंटें १ मे १८८८ चीं आहेत. ता. ७ जानेवारी १९४३ रोजीं ते एकाकी स्थितींत वारले. त्याच वर्षीं २१ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मार्कोनीच्या बिनतारी संदेशाच्या एका पेटंटांतील मुख्य हक्क रद्द ठरविले, आणि तसें करतांना लॉज, टेस्ला व स्टोन यांच्या आधींच्या कामाचा आधार घेतला. १९६० सालीं चुंबकीय क्षेत्राच्या मापास त्यांचें नांव मिळालें. विसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगन प्रांतांतील तिसऱ्या इयत्तेच्या मुलांनीं पैसे जमवून त्यांचा अर्धपुतळा वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयास देऊं केला. संग्रहालयानें तो नाकारला. पुतळा नाकारतां येतो, दिनांकित पेटंट नाकारतां येत नाहीं. त्या मुलांची निष्ठा मात्र आम्हांस अनुकरणीय वाटते.

हें टिपण आम्ही भोर तालुक्यांतील सारोळें येथें लिहीत आहों. पुणें-सातारा रस्त्यावरील, नीरेच्या पुलाजवळचें हें गांव. येथील दिवेहि टेस्लांच्याच प्रकारच्या प्रवाहावर जळतात. येथील व आसपासच्या शाळांतील मुलांनीं भिसे यांच्या सन्मानाचें कार्य हातीं घ्यावें असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं वर्गणी नको, पुतळा नको. इंग्लंड-अमेरिकेच्या पेटंटांच्या नोंदी आतां घरबसल्या पाहतां येतात. त्यांतून भिसे यांचीं पेटंटें निवडून तिथिवार कोष्टक करावें. प्रत्येकाचा आशय सोप्या मराठींत लिहावा. आकृत्यांच्या नकला कराव्या. दादाभाईंचा पत्रसंग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. शिक्षकांनीं त्यांतील भिसेविषयक पत्रांची चौकशी करावी. भिसे यांस परलोकाशीं संवाद साधण्याच्या प्रयोगांचाहि नाद होता. तोहि झांकूं नये. दोषस्थळें वगळून केलेला गौरव पहिल्याच उलटतपासणींत कोसळतो, आणि मग त्यांच्या खऱ्या यंत्रांवरहि लोकांचा विश्वास राहत नाहीं.

जुन्या छापखान्यांच्या दप्तरांत, कुटुंबांच्या पेट्यांत, बांधून ठेवलेल्या मासिकांत भिसे यांचें एखादें पत्र, जाहिरात वा आकृति पडून असण्याचा संभव आहे. रद्दीवाल्याच्या तराजूंत एकदां गेलेला कागद परत येत नाहीं. तरी ज्या वाचकांच्या संग्रहीं असें कांहीं असेल त्यांनीं त्याची नक्कल करून, मूळ कोठें आहे व कोणाकडून आलें हें नमूद करून, प्रसिद्ध करावें, अशी आमची विनंति आहे.