रीडिकचे हास्य

भरतमुनींनी सांगितलेल्या चतुर्विध अभिनयापैकी आंगिक आणि आहार्य ही दोन अंगे नभोनाट्याने जन्मतःच सोडून दिली. तेव्हा ज्या नटाला मुद्रा नाही, वेष नाही, तो भूमिकेत हरवलाच तर त्याला हुडकावयाचे कोठे, हा प्रश्न त्या व्यवसायाच्या पदरी आरंभापासूनच पडला. बालगंधर्वांनी शालू उतरविला की नारायणराव राजहंस उरत आणि त्यांना सारा महाराष्ट्र ओळखी. अमेरिकेतील फ्रँक रीडिकच्या नशिबी मात्र तेवढेही नव्हते.

सन 1930 च्या जुलैअखेर तेथील नभोवाणीवर गुप्तहेरकथांचा एक कार्यक्रम सुरू झाला. हेतू निखळ व्यापारी, म्हणजे स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशकांच्या नियतकालिकाचा खप वाढविण्याचा. निवेदकास ‘द शॅडो’ असे गूढ नाव देण्यात आले, आणि पहिला नट जेम्स ला कर्टो लवकरच दूर झाल्यावर ते काम रीडिककडे आले. त्याच्या त्या अमंगळ हास्याचा परिणाम असा झाला, की गिऱ्हाइके दुकानात जाऊन मूळ नियतकालिकाऐवजी ‘शॅडो’चेच पुस्तक मागू लागली, आणि प्रकाशकांना 1931 साली त्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक काढणे भाग पडले. पुढे 1937 मध्ये त्याच नायकाची नाट्यमालिका सुरू होऊन प्रमुख भूमिका बावीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सकडे गेली, तरी प्रारंभीचे वाक्य आणि हास्य रीडिकच्याच कंठातले राहिले. आवाज घुमावा म्हणून तो तोंडाशी पाण्याचा पेला धरी, असे सांगतात.

त्याची खरी कसोटी लागली ती 30 ऑक्टोबर 1938 च्या रात्री, मंगळवासीयांच्या स्वारीवरील वेल्सच्या त्या प्रसिद्ध नभोनाट्यात. त्यात रीडिक वार्ताहर कार्ल फिलिप्स झाला होता. आदल्या वर्षी 6 मे रोजी लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे विमानजहाज जळाले, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन या निवेदकाचा कंठ कसा दाटून आला त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध होते. ते रीडिकने पुनःपुन्हा ऐकले. भूमिकेत हरवणे म्हणजे उन्माद, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. येथे कागदाची सळसळ होता कामा नये, दिग्दर्शकाचा हात नजरेआड होता कामा नये, आणि एवढा बंदोबस्त सांभाळून परक्याचा खराखुरा शोक आपल्या गळ्यात उतरवावयाचा! न्यू जर्सीतील ग्रोव्हर्स मिलच्या शेतावर फिलिप्स आधी शेतमालकाशी निवांत बोलतो, मग ज्वाला दिसतात, शब्द एकमेकांवर आदळू लागतात, आणि वाक्य पुरे होण्यापूर्वीच आवाज तुटतो. त्यानंतरची निःशब्दता वेल्सने मुद्दाम ताणून धरली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी देशव्यापी घबराटीचा जो गवगवा केला तो पुष्कळसा फुगविलेला होता, आणि जाहिरातींचे उत्पन्न ओढून नेणाऱ्या नभोवाणीवरचा आकस त्यात नव्हता असे म्हणवत नाही. परंतु ती काही क्षणांची शांतता मला त्या साऱ्या मथळ्यांहून थोर वाटते.

कीर्ती अर्थातच वेल्सच्या पदरात पडली, आणि लवकरच हॉलिवुडचा करारही. सन 1988 मध्ये ग्रोव्हर्स मिल येथे या प्रयोगाचे स्मारक उभारण्यात आले. त्यात मंगळवासी आहे, ध्वनिक्षेपकासमोर वेल्स आहे, रेडिओपाशी बसलेले कुटुंबही आहे, रीडिक नाही.