कस्तुरबानगरचे आख्यान आणि धारावीची नोंद

1956 पर्यंत नागपूर ही रायपूरचीही राजधानी होती. राज्यपुनर्रचनेने हा संबंध तोडला. त्यानंतर या दोन शहरांतील गरीब वस्त्यांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला गेला, किंबहुना फारसा लिहिलाच गेला नाही. 16 जुलै 2015 रोजी देशातील पहिले 'सखी' केंद्र रायपुरात सुरू झाले. वैद्यकीय उपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला आणि तात्पुरता निवारा एका छताखाली देणारी ही व्यवस्था महत्त्वाची खरीच. पण तिचे काम मुख्यतः हिंसा घडून गेल्यावर सुरू होते. पंडरीतील एखाद्या गल्लीत भिंतीपलीकडून आवाज येऊ लागताच शेजारणीने काय करावे, हा प्रश्न त्याआधीचा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न आणि त्याला मिळालेली, किंवा न मिळालेली, कथनरूपे हा होय.

नागपूरच्या कस्तुरबानगरला कथनरूप मिळाले. प्रामुख्याने दलितांच्या या वस्तीवर अक्कू यादव या गुंडाने दहा वर्षांहून अधिक काळ दहशत बसवली होती. आपल्या तक्रारींची माहिती पोलिसांकडूनच त्याच्यापर्यंत पोहोचते, असे तेथील स्त्रियांचे सांगणे होते. 13 ऑगस्ट 2004 रोजी जमावाने जिल्हा न्यायालयाच्या दालनातच त्याला ठार केले. हे कृत्य आम्ही सर्वांनी मिळून केले, अशी भूमिका वस्तीतील स्त्रियांनी घेतली. 2014 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी मुक्त केले. पुढे 2021 मध्ये '200 हल्ला हो' हा हिंदी चित्रपट आला आणि 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर याच घटनेवरील माहितीपट-मालिका आली. दोन्हींचा भर त्या एका दिवसाच्या उद्रेकावर आहे. न्यायव्यवस्थेने पाठ फिरवलेल्या स्त्रियांच्या संतापाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र सूडकथेचा साचा घटनेला आरंभ आणि अंत पुरवतो. घराच्या आतील मारहाणीला असा सोयीचा अंत नसतो; तिथला खलपुरुष बहुधा रोज संध्याकाळी घरी परतणारा नवराच असतो.

मुंबईतील प्रयत्नांचे स्वरूप निराळे आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात शिशूंवर उपचार करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. बालकाच्या आरोग्याचा माग काढता काढता काम आईवरील हिंसेपर्यंत पोहोचले, ही वाट मला लक्षणीय वाटते. धारावीत स्त्रियांचे, पुरुषांचे आणि तरुणांचे गट बांधले गेले. वस्तीतल्याच काही स्त्रिया 'संगिनी' म्हणून पुढे आल्या. घटना हेरणे, नोंदवणे, पीडितेला समुपदेशकाकडे नेणे, प्रसंगी दार ठोठावणे, असे हे काम. त्यात नाट्य नाही असे नव्हे, पण ते पुनरावृत्तीचे आहे आणि पुनरावृत्तीला आपल्या आख्यानशास्त्रात मान कमी.

यापूर्वी मराठीत या पुनरावृत्तीला एक रूप सापडले होते. स्त्री मुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेले 'मुलगी झाली हो' हे नाटक 1983 मध्ये आले आणि गावोगाव, वस्त्यावस्त्यांत फिरले. दरवेळी नव्या प्रेक्षकांसमोर तेच सांगावे लागणे ही त्याची मर्यादा नव्हती, तो त्याचा हेतूच होता. मथुरा खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या 1978 च्या निकालानंतर उभी राहिलेली चळवळ कायद्याची भाषा बदलू पाहत होती. हे नाटक घरातली भाषा बदलू पाहत होते.

भाषेचा मुद्दा येथे गौण नाही. 'त्रास' या एका मराठी शब्दात थप्पड, उपासमार, पैसे हिसकावणे आणि नको असलेला संग सारेच सामावते. त्याची फोड करून ज्याला 'भांडण' म्हणत असू ते 'हिंसा' आहे, असे गटाच्या बैठकीत ठरते, तेव्हा नोंदवहीतील घटनांची संख्या घटण्याऐवजी वाढू शकते. आकड्यांवर विसंबणारा त्याला अपयश समजेल. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने मात्र या नोंदी शब्दांसह, खाडाखोडीसह वाचाव्यात: 'पडले' असे आधी सांगणारी स्त्री कितव्या भेटीत 'ढकलले' म्हणाली, ते त्यांत शोधावे.