इंजिन ऑइलचा खप (नव्या मोटारगाड्यांतील)

दोन ऑइल-बदलांच्या दरम्यान ज्वलनकक्षात जळून कमी होणाऱ्या वंगणाला इंजिन ऑइलचा खप म्हणतात. गळतीने होणारी घट यात धरत नाहीत. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहिला नाही, तर पिस्टन आणि रिंगा घासून झिजतील. म्हणून थोडे ऑइल प्रत्येक इंजिनात जळतेच. रिंगा नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिल्या काही हजार किलोमीटरांत, ते जरा जास्त जळते. त्यामुळे ऑइल खाणारी प्रत्येक नवी गाडी सदोष नसते. मात्र खप उत्पादकाच्या मर्यादेत आहे एवढ्यावरून इंजिन निकोप आहे, असेही म्हणता येत नाही. खप स्थिर आहे की वाढत चालला आहे, हाच विश्वासार्हतेचा खरा निकष होय.

खप वाढण्याची मुळे बऱ्याचदा आधुनिक इंजिनाच्या रचनेतच असतात. इंधन वाचवण्यासाठी घर्षण घटवायचे, म्हणून रिंगांचा ताण कमी केला गेला आणि 0W-20 सारखी पातळ ऑइल आली. ऑइल बदलण्याचे अंतरही लांबले. भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठवणाऱ्या ऑइल रिंगेभोवती कार्बन साचला की ती खाचेत अडकते आणि ऑइल वर जाऊन जळू लागते. टर्बोचार्जरचे सील आणि क्रँककेसमधील वाफ परत घेणारी व्यवस्था या आणखी दोन वाटा आहेत.

हा दोष सर्व नव्या गाड्यांत सारखा नाही. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने 2015 मध्ये 2010 ते 2014 या वर्षांच्या सुमारे 5 लाख गाड्यांची माहिती तपासली. बहुसंख्य गाड्यांत मध्येच ऑइल घालावे लागले नव्हते. तक्रारी ठरावीक इंजिनांभोवती एकवटल्या होत्या: ऑडीचे 2.0 लिटर टर्बो, बीएमडब्ल्यूचे 4.8 लिटर व्ही-8 आणि काही प्रमाणात सुबारूची 2.0 व 2.5 लिटर इंजिने. याआधीच्या पिढीत टोयोटाच्या 2.4 लिटर इंजिनांतही हा दोष दिसला होता. तेथे कंपनीने पात्र गाड्यांचे पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. दोष केवळ चालवण्याच्या सवयीचा असता, तर तो असा इंजिनागणिक वेगळा दिसला नसता.

‘आमच्या मर्यादेत आहे’ हे उत्पादकांचे नेहमीचे उत्तर. काही कंपन्या 1,000 किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप स्वीकारार्ह मानतात. ऑइल 10,000 किलोमीटरला बदलायचे असेल, तर या दराने मधल्या काळात 5 लिटर ऑइल जळेल. लहान चार-सिलिंडर इंजिनात एकूण ऑइलच साधारण 3 ते 5 लिटर असते. म्हणजे ही मर्यादा वॉरंटीचा दावा कोठे मान्य करायचा ते ठरवते. इंजिनाचे आरोग्य ती सांगत नाही.

दुसरा आक्षेप असा, की डिपस्टिक पाहणे मालकाचेच काम आहे. ते खरेच आहे; पण डॅशबोर्डवरचा लाल ऑइल-दिवा सहसा पातळी नव्हे, दाब दाखवतो, आणि तो लागेपर्यंत बेअरिंगांना इजा झालेली असू शकते. वेळोवेळी ऑइल घातले की प्रश्न मिटतो, हेही अर्धेच खरे. त्याने वंगण टिकते. पण जळणाऱ्या ऑइलमधील फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो आणि राख व कार्बनचे थर वाढतच राहतात. उलट, पातळी स्थिर दिसली म्हणून खप नाही असेही नसते. बीएस-6 डिझेल गाडी सतत शहरातल्या छोट्या फेऱ्या मारत असेल, तर धुरातील काजळीचे कण अडवणारी गाळणी (डीपीएफ) साफ करताना फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि झालेली घट झाकली जाते.

म्हणून मोजणी पद्धतशीर हवी. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी; घातलेले ऑइल आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. 1,000 किलोमीटरला पाव लिटर खाणारे, पण वर्षानुवर्षे तेवढ्यावरच थांबलेले इंजिन, शंभर मिलिलिटरवरून दर सर्व्हिसला खप दुप्पट होत जाणाऱ्या इंजिनापेक्षा अधिक भरवशाचे असते. हा फरक एका मोजणीत दिसत नाही. म्हणून नोंदी वॉरंटी संपण्यापूर्वीच सुरू झालेल्या असाव्या लागतात.