स्तरित धातू सल्फाइडे व लिथियम विद्युत् घट

स्तरित धातू सल्फाइडे व लिथियम विद्युत् घट : टिटॅनियम, टँटॅलम, मॉलिब्डेनम इ. धातूंच्या डायसल्फाइडांची संरचना थरांची असते. प्रत्येक थरात धातूच्या अणूंची प्रतल गंधकाच्या दोन प्रतलांमध्ये बसलेली असते. थरांच्या आतील बंध बळकट, पण शेजारच्या थरांमधील आकर्षण दुर्बल असल्याने मधल्या फटीत लहान आयन शिरू शकतात व पुन्हा बाहेर पडू शकतात. स्फटिकाची मूळ मांडणी त्यामुळे मोडत नाही. पुनःपुन्हा विद्युत् भारित करता येणारा लिथियम घट या गुणधर्मातून उदयास आला.

एम्. स्टॅन्ली व्हिटिंगॅम (१९४१– ) हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ १९७२ साली अमेरिकेतील एक्झॉन या तेल कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांचा अभ्यास टँटॅलम डायसल्फाइडाच्या अतिसंवाहकतेविषयी होता. घट बनविणे हा मूळ हेतू नव्हता. थरांत पोटॅशियमाचे आयन शिरताना बरीच ऊर्जा मुक्त होते, असे आढळल्यावर कामाची दिशा बदलली. टँटॅलम जड असल्याने त्याच्या जागी टिटॅनियम व पोटॅशियमाऐवजी लिथियम आले. या घटाचा विद्युत् दाब २ व्होल्टपेक्षा थोडा अधिक होता. १९७३ च्या तेलटंचाईच्या काळात तेल कंपनीलाही अशा संशोधनात रस होता, हे ध्यानात घ्यावयास हवे.

घटाचे ऋणाग्र मात्र धातुरूप लिथियमाचे होते. भारणाच्या वेळी त्यावर केसांसारख्या शाखा वाढत. त्या धनाग्राला भिडल्या की मंडल संक्षेप होऊन आग लागे. आगी इतक्या वेळा लागल्या की, त्या विझविण्यास लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेकडून वसूल करण्याची धमकी अग्निशामक दलाने दिली. लिथियमात ॲल्युमिनियम मिसळून धोका कमी करण्यात आला व घड्याळांसाठी छोटे घट तयार झाले. पण १९८० नंतर तेलाचे भाव उतरू लागल्यावर कंपनीने हे काम सोडले. कॅनडातील मोली एनर्जी कंपनीने मॉलिब्डेनम डायसल्फाइडाचे घट बाजारात आणले. १९८९ साली जपानमध्ये भ्रमणध्वनीतील अशा घटाने पेट घेतल्यावर तेही परत घ्यावे लागले.

या आगींचे मूळ लिथियम धातूत होते, सल्फाइडात नव्हे. तरी सल्फाइड सर्वस्वी निर्दोषही नव्हते. तयार करताना त्यात लिथियम नसल्याने ते पुरविण्यासाठी समोर धातुरूप लिथियम ठेवणे व्यवहारात भाग पडे. १९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन बी. गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनी पुढे आणलेले लिथियम कोबाल्ट ऑक्साइडही स्तरितच आहे. पण त्यात लिथियम आधीपासून असते व दाब सु. ४ व्होल्ट मिळतो. म्हणून आकिरा योशिनो यांना १९८५ मध्ये ऋणाग्रासाठी कार्बनी पदार्थ वापरता आला. असे घट सोनी कंपनीने १९९१ साली विक्रीस आणले. व्हिटिंगॅम, गुडइनफ व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. घन विद्युत् विच्छेद्य असलेल्या घटांच्या संशोधनात टिटॅनियम डायसल्फाइड अद्यापही वापरले जाते.