तळटीप १४ : ‘जॅगमधला वकील जज्जच्या जागेला उभा राहिला’

१४. जॅग : अमेरिकी सैन्याच्या विधी शाखेचे, म्हणजे ‘जज ॲडव्होकेट जनरल्स कोअर’चे, रूढ लघुनाव. २९ जुलै १७७५ रोजी जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेसाठी विल्यम ट्यूडर यांची जज ॲडव्होकेट म्हणून नेमणूक झाली. भूसेनेची विधी शाखा आपला आरंभ तिथपासून मोजते. नावात ‘जज’ असले तरी यातले बहुतेक अधिकारी वकिलीच करतात. कोर्ट-मार्शलमध्ये फिर्याद किंवा बचाव चालवणे, सेनाधिकाऱ्याला युद्धकायद्याचा सल्ला देणे, मोहिमेवर निघालेल्या विशीतल्या सैनिकाला समोर बसवून त्याचे मृत्युपत्र करून देणे, हे त्यांचे रोजचे काम. तिथून सरकारी वकिलाच्या कचेरीत जाणे ही नेहमीची वाट आहे.

‘उभा राहिला’ हे शब्दशः घ्यावे. आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ नुसार राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून नेमतात. टेक्ससमध्ये मात्र ते मतदार निवडतात, चार वर्षांसाठी, आणि मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्षही छापलेला असतो. न्यायदानाला ही पद्धत पोषक नाही, असे प्रस्तुत संपादकाचे मत आहे.

पुढे प्रचारपत्रकावरील गणवेशातल्या छायाचित्राचा आणि त्याखालच्या ओळीचा उल्लेख येतो. राखीव दलातील उमेदवाराला असे छायाचित्र वापरता येते. मात्र संरक्षण खात्याचा या उमेदवारीला पाठिंबा आहे असे समजू नये, हा खुलासा सोबत ठळकपणे छापावाच लागतो.